निरोपाच्या गाण्याला ठेका

भाच्याने जो उपद्व्याप केला तो चांगल्या हेतूनेच केला. घर बुडवणारे उपद्व्याप दुसऱ्या कशाने होतच नाहीत म्हणा. शेजारचे म्हातारे मास्तर वारले, तेव्हा प्रार्थनाघरात मावशीने निरोपाचं गाणं म्हटलं. ते त्याने गुपचूप फोनवर टिपलं आणि खाली ड्रमचा ठेका जोडून दिलं नेटवर सोडून. लग्नाचे व्हिडिओ करणारा माणूस तो. "जरा उठाव आला," म्हणाला.

उठाव असा आला, की आठवड्याभरात गाणं ज्याच्या त्याच्या फोनवर. प्रार्थनाघराचे गुरुजी तर हरखूनच गेले. एरवी जिथे चार म्हाताऱ्या पेंगायच्या, ती बाकं तरण्या पोरांनी भरली.

मावशी शिवणकाम करायची. पायमशीनवर बसली की काहीबाही गुणगुणायची, पण हे गाणं तिने घरात कधी ओठांवर आणलं नव्हतं. ते गेलेल्या माणसाचं. आता तेच खालच्या सलूनमधून, वरच्या मजल्यावरून दिवसभर तिच्या डोक्यावर आदळत होतं.

"प्रसिद्ध झालीस गं!" अंथरुणाला खिळलेले काका बायकोला चिडवत. "माझ्या वेळी गाशील ना, की आधी तारीख घ्यावी लागेल?"

"गप पडा."

"तूच म्हण हो. गुरुजींनी सूर लावला तर मी उठून बसेन."

"बसा की! तेवढंच तर हवंय मला," म्हणून मावशी मशीनकडे वळली आणि कितीतरी वेळ तिला सुईत दोरा ओवता आला नाही.

काका गेले. प्रार्थनाघरात मावशी त्यांच्या उशाशी उभी राहिली, पहिली ओळ उचलली. आवाज कापला नाही. दुसऱ्या ओळीला पुढच्या बाकावरचं एक चिमुरडं कंबर हलवायला लागलं. आईने त्याला दाबून बसवलं. मावशी गातच होती. मग एकाएकी अडखळली आणि तिने खाली पाहिलं. भाच्यानेही पाहिलं. तिचा उजवा पाय, मशीन चालवावी तसा, ठेका धरत होता.

तिने पाय आवरला, पुन्हा सुरुवात केली. पाय पुन्हा हलला. मग ती खाली बसली. काका अर्ध्याच गाण्यावर गेले.

चार दिवसांनी भाचा आला. मशीनवर चादर टाकलेली होती. मावशी खिडकीशी बसून हातानेच टीप घालत होती.

"मावशी, मी ते सगळीकडून काढून टाकतो. गुरुजींनाही सांगतो. आजच."

मावशीने दोरा दातांनी तोडला.

"आणि माझ्या पायातून?"