एकदा मीही संशय घेतला

किशोरच्या मिलमधून फोन आला तेव्हा मी सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या घरी डबे भरत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. पलीकडून लॅबमधला माणूस म्हणाला, "दीदी, मास्टरजी गिर गये हैं, आप आ जाइए." कसा पडला, कुठे पडला, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पांडेसऱ्यापर्यंत रिक्षात मनाशी म्हणत होते, पाय मोडला असेल, फार तर हात... दवाखान्यात पोचले तर त्याच्या अंगावर मिलमधलंच कोरं, रंग न चढवलेलं कापड घातलेलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. माझा भाऊ बेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवशी गुरुवार होता. रविवारी त्याची मुलगी जुई तीन वर्षांनी पहिल्यांदा दिवसभर त्याच्याकडे येणार होती.

आम्ही अमळनेरकडचे. वडील लूमवर काम करायला सुरतेत आले आणि मागोमाग आम्ही. किशोर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बारावीनंतर एका प्रोसेस मिलच्या लॅबमध्ये लागला आणि हळूहळू कलर मास्टर झाला. व्यापाऱ्याने आणलेल्या तुकड्यावरचा रंग हजारो मीटर कापडावर जसाच्या तसा उतरवायचा, हे त्याचं काम. बोलणं कमी. राग आला तर खाली बघायचा. त्याची बायको वैशाली एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सकाळी लवकर जायची, म्हणून जुईची आंघोळ, वेणी, शाळेचा डबा हे सगळं किशोरकडे असायचं. वेणी तर तो माझ्यापेक्षा नीट घालायचा.

दोघांचं का बिनसलं ते मी इथे लिहिणार नाही. मला ते पुरतं ठाऊकही नाही. एक दिवस वैशाली सहा वर्षांच्या जुईला घेऊन कामरेजला भावाकडे निघून गेली. चार महिने मुलगी दिसली नाही, तेव्हा किशोरने कोर्टात अर्ज केला, मला माझ्या लेकीला भेटू द्या म्हणून. त्या अर्जाला वैशालीकडून उत्तर आलं आणि पाठोपाठ तिचीच पोलिसांत तक्रार. गुजरातीत टाइप केलेले ते कागद घेऊन तो माझ्याकडे आला. एक ओळ त्याला वाचवेना, म्हणून त्याने तिच्यावर नुसतं बोट ठेवलं. आंघोळ घालताना बाप मुलीशी वाईट वागतो, असं त्यात लिहिलं होतं. घरातली अहिराणी तो फार घाबरला की बोलायचा. म्हणाला, "ताई, तुना मनावर इस्वास शे ना?" मी म्हटलं, "शे ना, भाऊ." माझा त्याच्यावर विश्वास आहे, हे मी मनापासून म्हटलं होतं.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं. "कामरेजला जायचं नाही. फोन करायचा नाही, तिच्या भावाला गाठायचं नाही, मोबाईलवर रागाचा एक शब्द टाकायचा नाही. पोलीस बोलावतील तेव्हा वेळेवर जा आणि खरं तेवढं सांगा. शाळेतल्या बाई, मुलीचे डॉक्टर, जुने मेसेज, जे असेल ते मला आणून द्या." त्याने ते सगळं पाळलं. अटकपूर्व जामीन मिळाला, पण मिलमध्ये बातमी पोचलीच. कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत आपल्या मुलींचे फोटो दाखवणारी माणसं त्याला पाहून मोबाईल खिशात ठेवू लागली. त्याने एकाच बाबतीत वकीलबाईंचं ऐकलं नाही. जुईला कोर्टात आणून प्रश्न विचारायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. किशोर म्हणाला, "तिथल्या समुपदेशक बाईंनी काय ते एकदाच विचारावं. आपल्याकडून तिला उलटसुलट विचारायचं नाही."

"केस लांबेल."

"लांबू द्या."

...आणि ती लांबली.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या वर्षीच्या उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, किशोर आमच्याकडे आला होता. माझी पल्लवी तेव्हा बारा वर्षांची. मामा पतंग उडवतोय आणि ही फिरकी धरून उभी, हे दरवर्षीचंच. दुपारी गच्चीवरची बाकी मंडळी जेवायला खाली आली आणि ते दोघंच वर राहिले. मी पोळ्या लाटत होते. एकाएकी हात थांबला. काय आलं मनात, ते शब्दांत आलंच नाही, पण मी उठले आणि जिन्यातून हाक मारली, "पल्लवी, खाली ये, काम आहे." काम काही नव्हतं. तिच्या मागोमाग किशोरही खाली आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. जेवला नाही. "पोट भरलंय, ताई," एवढं म्हणून चपला घालून निघाला. त्यानंतर तो घरी आला तरी बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. पल्लवी शेजारी आली की उठून उभा राहायचा. मी कधी विषय काढला नाही. उद्या बोलू, केस संपली की बोलू... असं करत वर्षं गेली.

मधल्या काळात कोर्टाने भेट दिली ती दर दुसऱ्या शनिवारी एक तास, कोर्टातल्याच एका खोलीत, कोपऱ्यात एक बाई लक्ष ठेवून बसलेल्या. जुई सुरुवातीला पाठ करून बसायची. मराठी विसरत चालली होती, म्हणून किशोर तिच्याशी गुजरातीत बोलायचा. एकदा मी त्याच्यासोबत गेले. तासभर त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, पसरून. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं. म्हणाला, "दिसायला हवेत, ताई." त्याच दिवशी जुईची वेणी सुटली होती. रिबिन पुढे करून ती सवयीने म्हणाली, "पप्पा, बांधी आपो ने." त्याने परवानगीसाठी कोपऱ्यातल्या बाईंकडे पाहिलं. बाई वहीत काही लिहीत होत्या. त्यांनी मान वर करेपर्यंत जुईने स्वतःच कशीबशी गाठ मारली होती.

शेवटी तपासात काहीच निघालं नाही. डॉक्टरांना काही आढळलं नव्हतं. समुपदेशक बाईंना जुईने सांगितलं होतं ते एवढंच, की पप्पा साबण लावायचे तेव्हा तो डोळ्यांत जायचा. पोलिसांनी तक्रारीत तथ्य नाही असं लिहून दिलं, कोर्टाने ते मान्य केलं, आणि रविवारी दिवसभर मुलगी बापाकडे राहील असा आदेश निघाला. कागद हातात घेऊन किशोर कोर्टाच्या पायरीवर बसला. मला वाटलं रडेल. पण तो म्हणाला, "ताई, ती आता नऊ वर्षांची आहे. सहा ते नऊ कुठून आणू?"

दहाव्याला वैशाली आली, जुईला घेऊन. माझ्या नणंदेने दार लावून घेतलं असतं, पण मी आत बोलावलं. ती म्हणाली, "भावाच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, असं लिहिलं तर मुलगी जाणार नाही. ती जाईल या भीतीने मी सही केली. नंतर मागे घ्यायला गेले तर सगळे म्हणाले, आता तूच अडकशील." मला तिला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण तिच्या मागे एका भावाचं घर होतं, वकील होता, भीती होती. मला जिन्याशी कोणी ढकललं होतं? मी फक्त म्हटलं, "जुईला त्याच्याबद्दल खरं सांग." ती रडत राहिली. सांगते असं म्हणाली नाही.

गेल्या आठवड्यात किशोरची भाड्याची खोली रिकामी करायला गेले. सामान थोडंच होतं. शेवटी बाथरूममधली बादली काढायला आत गेले, तेव्हा दिसलं. दाराला आतून वरच्या बाजूला नेहमीची कडी होती. तिच्या खाली, माझ्या कमरेच्या जरा वर, दुसरी कडी बसवलेली होती, नवीकोरी. नऊ वर्षांच्या मुलीचा हात सहज पोचेल अशी. खाली लाकडाचा भुसा पडलेला होता. रविवारी जुई येणार म्हणून, तो गेला त्याच आठवड्यात बसवली असणार. घरमालक दारात उभे होते. नव्या कडीकडे बोट दाखवून म्हणाले, "बेन, ए काढी नाखजो." मी हो म्हटलं आणि दार लोटून ती लावून पाहिली. कुरकुर न करता लागली. त्याने तिला तेलही घातलं होतं. बाहेर घरमालक थांबले होते, सामानाचा टेम्पो थांबला होता... तरी कितीतरी वेळ मला ती उघडवेना.