यजमानाची हद्दपारी

लंडनमधील ईलिंगच्या समस्त मराठी नागरिकांस या जाहीरनाम्याद्वारे कळविण्यात येते, की आज रविवारी दुपारी सभेने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने श्री. मुकुंद घाटे यांस हद्दपार केले आहे. हद्दपार इसमाने दहा दिवसांच्या आत सीमा ओलांडावी. त्याची मालमत्ता आणि अब्रू दोन्ही शाबूत राहतील. जाताना त्याने किल्ली आठवणीने बरोबर न्यावी, कारण सभा ज्या घरात भरते ते घर त्याचेच आहे.

हा जाहीरनामा माझा. गेल्या ऑक्टोबरात मुकुंदरावांच्याच पुढच्या खोलीत, त्यांच्याच पाय ठेवायच्या स्टुलावर चढून, अंगावर त्यांच्या बायकोचा, शैलाताईंचा, टेबलक्लॉथ पांघरून मी तो वाचला होता. काय हशा पिकला! मुकुंदरावही हसले... आणि फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी, रीडिंग गावी ऑफिसच्या लिफ्टसमोर उभा असताना मला रियाचा फोन आला. रिया आमच्या सभेतली सगळ्यांत लहान, इथेच जन्मलेली, वकील. "अविनाशकाका, तुम्ही कुठे बसलाय का? बसा आधी. मुकुंदकाका... ही'ज गॉन." कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले आणि परत येताना दारातच बसले, एवढंच. लिफ्ट आली, उघडली, मिटली. मला आत जायचं सुचलं नाही.

मुकुंदराव तीस वर्षं एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बजेट विभागात होते. सुरुवातीला ते कुठे काय नवीन उघडायचं त्याच्या याद्या करायचे, शेवटची काही वर्षं कुठे काय बंद करायचं त्याच्या. अमुक लायब्ररी, तमुक सार्वजनिक संडास, म्हाताऱ्यांचं डे सेंटर. रिटायर झाल्यावर त्यांनी एकदम अडीच हजार वर्षांपूर्वीचं अथेन्स वाचायला घेतलं, आणि आम्हा सहा जणांना रविवारी दुपारी तीनला पोह्यांचं आमिष दाखवून ऐकायला बसवलं. शैलाताईंना त्यांनी सभासद व्हायची गळ घातली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या अथेन्समध्ये बायकांना मत नव्हतं ना? मग राहू दे. मी पोहे करते, भांडणं तुम्ही करा." रियाला मात्र खास ठराव करून मत दिलं होतं.

त्या गावावर मुकुंदरावांचा जीव होता. "कल्पना कर, अविनाश," ते म्हणायचे, "एक म्हातारा चांभार आहे. न्यायसभेत जाऊन बसायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. तर गाव म्हणालं, बस बाबा, भत्ता आम्ही देतो. गरिबाला लोकशाही परवडावी म्हणून पैसे मोजले लेकाच्यांनी!" मग चष्मा काढून पुसायचे आणि गोष्टीचा दुसरा भाग सांगायचे. पैसे कुणाचे? इराणी आक्रमणाच्या भीतीने समुद्रातल्या बेटांनी मिळून आरमारासाठी वर्गणी काढली होती. तिचा खजिना एका लहानशा बेटावर असायचा. अथेन्सने तो उचलून आपल्या गावात आणला. त्यातून आरमार तर चाललंच, पण गावात संगमरवरी देवळंही उभी राहिली आणि गावाची सगळी चैन सुखाने सुरू राहिली. एखादं बेट म्हणालं, आता आम्हाला वर्गणी नको, की तिथे जहाजं जायची. "ज्या वर्गणीतून बाहेर पडता येत नाही तिला खंडणी म्हणतात," मुकुंदराव म्हणायचे. आम्ही मान डोलवायचो आणि पोह्यांवर लिंबू पिळायचो.

दर ऑक्टोबरात आमचा एक खेळ असे. अथेन्समध्ये लोक फुटक्या मडक्याच्या खापरावर एकाचं नाव लिहीत, आणि ज्याच्या नावाची खापरं जास्त त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. गुन्हा नाही, खटला नाही, फक्त तो नकोसा झालेला असायचा. आम्ही चॅरिटी शॉपमधून एक जुनी प्लेट आणून ती टॉवेलात गुंडाळून मागच्या अंगणात फोडत असू. बहुतेक वर्षी हद्दपार मीच होई, कारण सगळ्यांत जास्त बोलतो मी. शिक्षा म्हणजे पुढच्या एका रविवारी घरी बसायचं. बस, एवढंच.

गेल्या वर्षी खेळाच्या आदल्याच रविवारी आम्ही लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात ग्रीक शिल्पं बघायला गेलो होतो. नंतर कॅफेत बसल्यावर बोलणं फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून बोटींतून येणाऱ्या निर्वासितांवर गेलं. मीच नेलं. म्हटलं, आपण व्हिसाच्या फिया भरल्या, रांगा लावल्या, टॅक्स भरतोय, आणि ह्यांना सरकारी खर्चाने हॉटेलं! सगळ्यांनी दुजोरा दिला. मुकुंदराव चहा ढवळत राहिले आणि मग म्हणाले, "भत्ता सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत अथेन्सने काय केलं ठाऊक आहे? नागरिकत्वाचं दार अरुंद केलं. आई आणि बाप, दोघंही इथलेच हवेत. वाटून खायचं म्हटल्यावर तोंडं मोजायला लागले. अविनाश, तुला त्या गावात उभं केलं नसतं कुणी. तू बोटीतल्यांच्या बाजूचा आहेस बाबा, फक्त तुझी बोट आधी लागली." परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही सहा जण एकीकडे बसलो, मुकुंदराव एकटे दुसरीकडे.

आता माझी करामत ऐका. मुकुंदरावांनीच एकदा सांगितलं होतं, की अथेन्सच्या एका विहिरीत एकाच माणसाच्या नावाची ढीगभर खापरं सापडली, आणि ती सगळी मोजक्याच हातांनी लिहिलेली होती. कुणीतरी आधीच लिहून ठेवून ती वाटायला काढली होती. पुढच्या रविवारी मी लवकर जाऊन अंगणात प्लेट फोडली, निळ्या मार्करने सहा तुकड्यांवर 'मुकुंद' लिहिलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात डोळा मारून एकेक ठेवला. वाटलं, एकदा खळखळून हसलो की आठवडाभराचा कडवटपणा निघून जाईल. मुकुंदरावांनी तुकडे ट्रेमध्ये मांडले, एकेक उलटा करून पाहिला. सातव्यावर माझं नाव होतं, ते त्यांनी लिहिलेलं. "अक्षर एकाच हाताचं आहे," ते हसत म्हणाले. "पण ट्रेमध्ये तुमचं तुम्हीच टाकलंत." मग मी स्टुलावर चढलो.

पुढच्या रविवारी तीन वाजता आम्ही पोचलो तेव्हा मुकुंदराव कोट घालून निघालेच होते. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. "सभा परत बोलवेपर्यंत मी बाहेर. अथेन्समध्येही असंच होतं, हात वर करून बोलावता यायचं." आम्हाला वाटलं, म्हातारा नाटक छान वठवतोय. खेळातली शिक्षा एकाच रविवारची, तरी त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ते कुठे जात? म्हाताऱ्यांना मिळणारा बसचा फुकट पास होता ना! वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून तीन तास फिरायचे. गेटपाशी एकदा मला म्हणाले, "माझी हद्दपारी पब्लिकच्या खर्चाने चालू आहे, काळजी नको." डिसेंबरात एकदा मी उशिरा येत होतो, तेव्हा चौकात त्यांची बस समोरून गेली. वर काचेत ते दिसले. मी वाकून मुजरा केला, त्यांनी राजासारखा हात हलवला. आत जाऊन मी तो प्रसंग साभिनय करून दाखवला आणि पुन्हा हशा घेतला.

खरं सांगायचं तर त्यांच्याविना सभा फार सुरळीत चालली होती. देवळांचे खांब, नाटकांचे उत्सव, आरमाराच्या गोष्टी... मधे कुणी 'पैसे कुणाचे' विचारत नव्हतं. त्यांच्याच घरात, त्यांच्या बायकोच्या हातचं खात आम्ही चार महिने लोकशाहीवर बोललो. एक हात वर करायला किती वेळ लागतो? मी दर रविवारी ठरवायचो, पुढच्या वेळी नक्की. झकास भाषण करून बोलवायचं, हे डोक्यात होतं. भाषण जमत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कधीचंच थकलं होतं, थंडीचा आणि बसचा काही संबंध नाही. मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि तिन्ही वेळा त्याचा काही उपयोग झाला नाही.

इथल्या रीतीप्रमाणे तारीख मिळेपर्यंत अंत्यसंस्काराला अडीच आठवडे थांबावं लागलं. त्यानंतरच्या रविवारी शैलाताईंनीच आम्हाला बोलावलं. पोहे होते. मुकुंदरावांची खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती, दारामागच्या खुंटीला कोट होता, आणि खिशातून बसच्या पासची निळी दोरी बाहेर लोंबत होती. शैलाताईंनी कपाटातून बिस्किटांचा एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत पेपर टॉवेल अंथरून सात खापरं नीट लावून ठेवलेली होती, सहा माझ्या हातची. रिया रडायला लागली. मी उठलो. स्टुलावर नाही, जमिनीवरच उभा राहिलो आणि म्हणालो, "सभेपुढे एक ठराव आहे. मुकुंद घाटे यांना परत बोलवावं." सहाच्या सहा हात वर गेले. कुणी खाली घेईना.

शैलाताई हातात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या होत्या. त्या वर गेलेल्या हातांकडे एकेक करून बघत राहिल्या, आणि एकदम त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, दर रविवारी बूट काढायच्या आधी हे मला विचारायचे, आज कुणी हात वर केला का म्हणून!"