व्हेरोनाची वाइन आणि आमच्या मामी

गोडाऊनमध्ये माल पडून राहिला की भाडं चढतं, किस्से पडून राहिले की चव चढते. म्हणून माल मी लवकर विकतो आणि किस्से दाबून ठेवतो. पण या वाइनच्या धंद्यानं इतके किस्से दिलेत, की आता ठेवायला जागा नाही!

मी वसईचा. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं बहारीननं शिकवलं. मीना सलमान बंदराजवळ माझं गोडाऊन आहे. हॉटेलांना प्लेटा, चमचे, ग्लास पुरवतो. त्या ग्लासात काय ओततात याचा विचार कधी केला नव्हता. तो केला आणि गोंधळ सुरू झाला.

झालं असं, की इथल्या एका प्रदर्शनात एका इटालियन बाईनं मला तांबड्या वाइनचा घोट दिला. ग्लास नाकाशी नेला आणि मी थेट वसईला! मनुका, लवंग, नाताळची दुपार, आईच्या घरगुती गोड वाइनची बरणी. बाई सांगत होती, "व्हेरोनाजवळच्या टेकड्या, त्या भागाचं नाव व्हॅलपोलिचेल्ला. तीन-चार जातींच्या द्राक्षांचं ब्लेंड. द्राक्षं तोडायची, हिवाळ्यात माळ्यावर सुकवायची आणि मग वाइन करायची. हिला अमारोने म्हणतात." ती बोलत होती, मी वास घेत होतो. वास संपला तेव्हा मी माल मागवून बसलो होतो!

वाइन आणायचा परवाना माझा नाही, मॅथ्यूसाहेबांच्या कंपनीचा. त्यांनी माझ्या शब्दावर माल आणला आणि मला बसवून सांगितलं, "वॉल्टर, उन्हाळ्याच्या आत एक मोठं हॉटेल पकड. नाहीतर इथल्या उकाड्यात ही वाइन खलास. आणि पुढच्या वेळी तुझा शब्दही खलास."

माझ्यासारख्याकडे भांडवल म्हणजे शब्दच. झोप उडाली.

*

गावस माझा ड्रायव्हर, सावंतवाडीकडचा. माल कसला आहे हे त्याला माहीत असावं म्हणून समजावलं. बांबूच्या तट्ट्यांवर द्राक्षं पसरतात, वारा लागतो, पाणी उडतं, गोडी राहते.

"म्हणजे सुक्या बांगड्यासारखी?"

"तसंच समज."

"मगे मीठ किती लावतत?"

"मीठ नाही लावत रे."

गावसचा चेहरा पडला. "शेठ, मगे ता टिकूचा नाय!"

दुसऱ्या दिवशी मॅथ्यूसाहेब गोडाऊनवर आले, तर गावस एकेका खोक्याला नाक लावून वास घेत फिरतोय!

"हे काय चाललंय?" साहेब.

"क्वालिटी कंट्रोल," मी म्हटलं.

साहेब खूष झाले. मी घाबरलो. कारण आता मलाही तो सुक्या बांगड्याचा वास येऊ लागला होता!

*

एका मोठ्या हॉटेलात कुलकर्णी म्हणून परचेस मॅनेजर आहेत, पुण्याचे. तराजूच्या काट्यासारखा माणूस. सगळ्या हॉटेलची दारू हे विकत घेतात आणि स्वतः जेवताना ताक पितात.

"वॉल्टरराव, द्राक्ष कुठलं?"

मी पाठ केलं होतं. "कोर्विना. शिवाय कोर्विनोने, रोंदिनेल्ला. कधी मोलिनारा."

"कधी म्हणजे?"

"कोणी घालतं, कोणी नाही."

"म्हणजे नक्की काय आहे हे तुम्हाला माहीत नाही."

"साहेब, आमच्या वसईत बॉटल मसाला करतात. एवढ्या जिनसा पडतात, की आई मुलीला सांगते आणि सुनेपासून लपवते! एका मिरचीचा मसाला होतो का?"

"नाही होत," कुलकर्णी म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते म्हणाले, "पण मसाल्याची बाटली मी टेबलावर उघडून गिऱ्हाइकाला वास देत नाही."

मी नमुन्याची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघालो.

*

त्याच मालात अमारोनेची एक स्वस्त बहीणही आली होती, रिपास्सो. सुक्या द्राक्षांची वाइन काढून घेतली की खाली चोथा उरतो. त्यावर साधी वाइन ओततात आणि थोडे दिवस ठेवतात, म्हणजे तिलाही अंग येतं. मला हे काही केल्या समजेना. चोथ्यात राहिलं काय?

बायको म्हणाली, "पाहुणे वाढले की तू त्याच पावडरीचा दुसरा चहा करायला सांगतोस ना? तेच."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला! त्याच आनंदात उम्म अल हस्सम भागातल्या एका रेस्टॉरंटच्या फिलिपिनो मॅनेजरला मी हे जसंच्या तसं सांगितलं. सज्जन माणूस, त्यानं मान डोलावली. आठवड्यानं जाऊन पाहतो तर मेन्यूवर छापलेलं: 'इटालियन सेकंड हँड वाइन'!

"अरे, विकली जाते का?"

"जाते ना, सर! फक्त लोक विचारतात, आधीचा मालक कोण?"

*

एकदा व्हेरोनाच्या त्या बाईचा व्हिडिओ कॉल आला. मागे तिचे वडील, त्यांच्या मागे पिंपं. म्हातारबाबांनी हातवारे करून अमारोनेची जन्मकथा सांगितली. पूर्वी तिथं सुक्या द्राक्षांची गोड वाइनच करायचे. एकदा कोणीतरी एक पिंप विसरलं. आतली सगळी साखर आंबून संपली, आणि निघाली ती ही कोरडी, जोरदार वाइन. चुकून झालेली!

मी भारावून बायकोला म्हटलं, "फिलू, बघ, विसरण्यातून केवढं मोठं काम झालं!"

फिलू भाजी चिरत होती. "नशीब लागतं. त्यांच्याकडे विसरले तर अमारोने झाली. माझी आई वाइनची बरणी विसरली तेव्हा व्हिनेगर झालं, आणि ते संपवायला आम्ही वर्षभर विंदालू खाल्लं."

*

उन्हाळा दाराशी आला आणि कुलकर्ण्यांचा फोन आला. "दुपारी चारला टेस्टिंग. शेफ इटालियन आहे, तो हो म्हणाला तर लिस्टवर. नाही म्हणाला तर यल्ला, चला, बाटल्या उचलायच्या."

नेमक्या त्याच दिवशी फिलूची हॉस्पिटलात ड्यूटी, आणि तिची आई व्हिजिट व्हिसावर आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये. मी त्यांना मामी म्हणतो. मामींना एकटं ठेवता येत नाही, बेल वाजवेल त्याला त्या जेवायला बसवतात. म्हणून बरोबर घेतलं.

शेफ उंच, गंभीर. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले. कुलकर्णी घड्याळ बघतायत. शेफनं डोळे उघडले आणि रीत म्हणून एक ग्लास मामींपुढे केला.

मामींनी वास घेतला. चेहरा फुलला. "नाताळ!" म्हणाल्या. मग घोट घेतला आणि चेहरा उतरला. ग्लास हळूच खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"काय झालं मामी?"

"एवढी मेहनतीनं द्राक्षं सुकवली, आणि साखर नाही! अरे, गोड कधी करत नाहीत? घरात मयत असेल त्या वर्षी. या माणसाच्या घरचं कोणीतरी गेलंय, वॉल्टर."

मामींच्या डोळ्यांत पाणी. शेफ माझ्याकडे वळला. "सिन्योरा काय म्हणतात?"

एका वाक्यावर सगळा माल उभा होता. मी म्हटलं, "त्या म्हणतात, ही वाइन गप्प बसून, गेलेल्या माणसांची आठवण काढत प्यावी."

शेफ उभाच राहिला. "आमच्याकडे हिला हेच म्हणतात! ध्यानाची वाइन!" मामींनी पुढे होऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. त्यानं मान खाली घातली. कुलकर्णी ताकाचा ग्लास धरून कधी शेफकडे, कधी मामींकडे बघतायत. होकार नाही, नकार नाही. "उद्या कळवतो," एवढंच.

गाडीत मामी म्हणाल्या, "बघितलंस? त्याचेही डोळे भरले होते. कोण गेलं ते विचारायचं तरी!"

"विचारतो, मामी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलकर्ण्यांचा फोन. "वॉल्टरराव, अभिनंदन! शेफनं तुमचा सगळा माल घ्यायला सांगितलंय." मी खुर्चीत बसलो. ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुमच्या सासूबाईंना त्यानं मनापासून सहवेदना कळवलीय. म्हणाला, त्यांचं दुःख त्यानं डोळ्यांनी पाहिलं. कोण गेलं हो?"