ठमाकाकी थांबायची

ठमाकाकी कुठलंही मूल न विचारता उचलत नसे. समोर उकिडवी बसायची, दोन्ही हात पुढे करायची आणि म्हणायची, "काय वो शेटानी, येताव का?" दुडुदुडु चालणाऱ्या पोरांनाही ती अहोजाहोच करायची. मुलानं हात पुढे केले तर उचलायचं, नाही तर आपल्या कामाला लागायचं. माझी वैशू पहिल्या भेटीत पदरामागून बाहेरच आली नाही. काकीनं पुष्कळ वेळ हात तसेच ठेवले. मग उठली आणि भाजी निवडायला बसली. मला म्हणाली, "आज नाय म्हनतात. उद्या इचारू."

काकी डोंबिवलीतल्या पाथर्लीची, जुन्या आगरी घरातली. आमच्या चाळीमागे तिचं कौलारू घर, पुढे भेंडीचे दोन वाफे. आजूबाजूला बिल्डिंगी उठत होत्या आणि नोकरीवाल्या बायका आपली मुलं तिच्याकडे ठेवून जात होत्या. आम्ही साताऱ्याकडचे. पंच्याऐंशी सालाच्या पुढेमागे मला औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायचं काम लागलं. वैशू तेव्हा अडीच वर्षांची होती आणि घरात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. पोरीला ठेवायचं कुठे, एवढंच ठरायचं बाकी होतं.

नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक नर्सरी निघाली होती. दिवसभर मुलं ठेवून घेत. मी बघायला गेले. भिंतींवर बदकं आणि आंबे काढलेले, छोट्या छोट्या लाल खुर्च्या, मुलं एका सुरात इंग्रजी कविता म्हणत होती. मला ते फार आवडलं. मी चौथी शिकलेली. टेबलामागून कुणी बोलायला लागलं की माझी जीभ उचलत नाही. वैशूनं तरी माझ्यासारखं गप्प राहू नये, असं वाटायचं. टीचर चांगल्या होत्या, पण भराभर बोलायच्या. "मग सोमवारपासून नाव लावू ना?" म्हणाल्या. मी मान हलवली.

जिना उतरताना आठवलं, वैशू अजून मांडीवर घेतल्याशिवाय घास घेत नाही. त्या लाल खुर्चीवर तिला कोण भरवणार? पण परत वर जायचा धीर झाला नाही. घरी येताना मला काकी वाफ्यात उभी दिसली. "सोमवारी आनतेस ना पोरीला?" मी तिथेही मान हलवली.

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "दोन्हीकडे हो? मग पोरगी काय निम्मी निम्मी वाटणार?" म्हणाले, "उद्या रविवार आहे. जा आणि एकीला नाही म्हणून ये." मी काकीकडे गेले. तासभर बसले आणि ओंजळभर भेंडी घेऊन परत आले. नवरा भेंडीकडे बघून म्हणाले, "बरं झालं, नर्सरीत नाही गेलीस. तिथून खुर्ची आणली असतीस."

सोमवारी ते पहिल्या पाळीला गेले आणि मी एकटी उरले. आठ वाजता नर्सरीची आया दारात आली. ती घरोघरी जाऊन मुलं गोळा करायची. मी वैशूला चपला घालते आहे तोवर मागून काकी आली.

"हिचं आमच्याकडे नाव लागलंय," आया म्हणाली.

"मना पन हो बोललीय," काकी म्हणाली.

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. वाटलं, आता काकी भांडणार. तिनं गॅलरीत भिंतीला पाठ लावली आणि बसली. "तू सांग. घाई नाय."

"मला घाई आहे हो," आया म्हणाली. "खाली चार पोरं उभी आहेत."

"तुला असंल. पोर हिची हाय, हीच सांगंल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि माजं मन राखू नको. माज्याकडं पोरांचा तोटा नाय."

काकीनं पाय पसरले. आयासुद्धा कठड्याला टेकली. तेव्हा मी बोलले. "ती अजून मांडीवर जेवते. सहा महिने काकींकडे राहू दे. तीन वर्षांची झाली की नर्सरीत पाठवते. टीचरना सांगा." एवढं लांब मी परक्या माणसापुढे पहिल्यांदा बोलले असेन. आया म्हणाली, "सांगते की. हेच आधी बोलायचं ना बाई."

ती गेल्यावर काकीनं विचारलं, "तिकडं कशाला हो बोललीस?"

"भीती वाटली."

"आनि मना कशाला?"

"तुमचीपण."

काकी इतकी हसली की तिला ठसका लागला.

ते सहा महिने सुखाचे गेले. संध्याकाळी जावं तर वैशू काकीच्या मांडीवर भाताला सुकट लावून खात असायची, आणि मला म्हणायची, "आई, तू बस गो, मना जेवू दे." मला कामावर घोर नसायचा. म्हणून वैशू तीन वर्षांची झाली तरी मी गप्पच राहिले. चाललंय तसं चालू दे म्हटलं. काकीनंच विषय काढला. "सहा म्हैनं बोललीवतीस ना? मग आता न्यायची." मी म्हटलं, तिला इथे बरं वाटतं. "तिला बरं वाटतं का तुला?" असं विचारून ती भेंडी तोडत राहिली. मी उत्तर देईपर्यंत तिचा एक वाफा झाला. "मला," मी म्हणाले.

पुढे काकीच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली आणि ती धाकट्याकडे टिटवाळ्याला गेली. तिथेच वारली. वैशू आता कॉलेजात आहे आणि बोलण्यात कुणाला ऐकत नाही.

नर्सरीच्या पहिल्या दिवशी काकी आमच्याबरोबर आली होती. वैशू लाल खुर्ची बघून आत पळाली, मागे वळूनही बघितलं नाही. मला वाटलं काकी टीचरना तिच्या खाण्याचं, झोपेचं सांगेल. काकीनं माझ्याकडे बोट केलं. "ही आई हाय ना, लवकर बोलत नाय," ती टीचरना म्हणाली. "काय इचारलं तर जरा थांबा. सांगते ती."