जागच्या जागी

दिग्रसच्या स्टँडसमोर तो जुन्या लॅपटॉपमध्ये नवीन विंडोज टाकून देतो. काम करताना तो गिऱ्हाइकाशी कमी आणि लॅपटॉपशीच जास्त बोलतो. "थांब रे बाबू, कायले एवढा गरम होऊन राह्यला?" सगळं पुसण्याआधी तो मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढतो आणि वॉलपेपर पेनड्राइव्हवर घेतो. मग नवीन विंडोज बसली की तोच वॉलपेपर लावतो आणि त्याच नावांचे रिकामे फोल्डर त्याच जागी मांडून ठेवतो. "नाई तं माणसाले आपलाच लॅपटॉप परका वाटते," म्हणतो.

आमचे हे वारल्यावर त्यांचा लॅपटॉप मुलीच्या कॉलेजसाठी मी त्याच्याकडे नेला. मला तो उघडवलाच नव्हता.

"काई ठेवाचं हाय का, ताई?" त्यानं विचारलं. थोडं थांबून परत विचारलं.

"काही नाही दादा. सगळं पुसून टाका."

घरी आणून सुरू केला. यांनी काढलेला शेताच्या धुऱ्यावरच्या पळसाचा फोटो तसाच होता, आणि खाली कोपऱ्यात माझ्या नावाचा एक फोल्डर, रिकामा. असा फोल्डर होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

परवा तो बाजारात भेटला.

"सगळं जागच्या जागी हाय नं, ताई?"

"हो," मी म्हटलं. "सगळं."