घे की नाव!

एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी नावांचा खेळ खेळत होत्या. एकीने प्रसिद्ध माणसाचं पूर्ण नाव घ्यायचं आणि दुसरीने त्यातल्याच एखाद्या नावाचा दुसरा प्रसिद्ध माणूस सांगायचा. गायकाच्या वडिलांचं नाव एखाद्या पुढाऱ्याला नेऊन भिडतं. जन्मात कधी न भेटलेली माणसं एका नावापायी शेजारी येऊन बसतात.

आमच्याकडे हा खेळ जेवणानंतर, उष्टे हात वाळेपर्यंत चालायचा. माझे यजमान साखळी फिरवून फिरवून मुद्दाम 'मधुकर'वर आणून सोडायचे, कारण ते त्यांचंच नाव. मी ते उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. मधुकर नावाचे नट, लेखक ढिगाने ठाऊक असूनही मी गप्प. "घे की नाव! खेळच तर आहे," हे म्हणायचे. मी ताटं उचलून आत निघाले की मागून हसू यायचं, "हरलीस!" तेव्हा असा राग यायचा! हे गेले, आणि आता हरवायलाही कुणी नाही.

पुढच्या सीटवरचा खेळ अडला. धाकटी मागे वळली. "आजी, मधुकर नावाचं कुणी सांगा ना."

"मधुकर," मी म्हटलं. आवाज माझाच वाटेना.

"पण मधुकर कोण? आडनाव?"

मी माझंच आडनाव सांगितलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "असं कुणी नाहीये," थोरली म्हणाली. "हरलात, आजी!"

मी खिडकीकडे तोंड केलं आणि मागून हसू येण्याची वाट पाहत राहिले.