पप्पांचा सूट

मागच्या रविवारी माझ्या मुलाचा पाचवा वाढदिवस होता. मीरा रोडच्या नवीन टॉवरमध्ये आल्यापासून पहिलाच... म्हणून ऑफिसची मंडळीही बोलावली होती.

माझे पप्पा भाईंदरला जुन्या घरात राहतात. पस्तीस वर्षं सफाई खात्यात होते. रिटायर झाल्यापासून थ्री-पीस सुटाशिवाय घराबाहेर पाऊल नाही. केबिन रोडला कोथिंबीर आणायला जायचं तरी वेस्टकोट, खिशात रुमालाचं टोक आणि चकचकीत बूट... मे महिन्यातसुद्धा कोट उतरत नाही.

दर चौदा एप्रिलच्या जयंतीला नवा सूट शिवतात. टेलरच्या शेजारी बसून बटणं स्वतः निवडतात. गल्लीत लोक त्यांना साहेब म्हणतात, अर्धे मानाने, अर्धे चेष्टेने. पप्पा दोघांनाही सारखाच नमस्कार करतात.

मला मात्र त्याची लाज वाटायची. आता लिहूनच टाकतो. सगळे टी-शर्टमध्ये येणार आणि मध्येच हे नवरदेवासारखे नटून... म्हणून सकाळी फोन केला, "पप्पा, आज जरा साधेच या ना."

ते "बरं" म्हणाले.

संध्याकाळी घरात नुसता गोंधळ. फुगेवाल्याचा पत्ता नाही, बायको माझ्यावर वैतागलेली. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन म्हणाला, "सर, सामान लेके एक आदमी आया है, कामवाला."

मी नावही विचारलं नाही. म्हटलं, "हां हां, पीछे की लिफ्ट से भेजो. जल्दी."

दार उघडलं तर समोर पप्पा. हाफ शर्ट, पायात चपला, खांद्यावर नातवासाठी आणलेल्या सायकलचा खोका. मागे सर्व्हिस लिफ्ट अजून उघडीच होती आणि आत कचऱ्याचे दोन ड्रम होते.

जो कचरा त्यांनी आयुष्यभर उचलला, त्याच्याच शेजारी उभे राहून ते नातवाच्या वाढदिवसाला वर आले होते. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पप्पांनी नातवाला सायकल जोडून दिली, केक खाल्ला, माझ्या साहेबांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या... तासाभराने निघाले. दाराशी मी म्हटलं, "पप्पा, मला वाटलं फुगेवाला आलाय..."

"ऐकलं मी. इंटरकॉमवर तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता."

मग चपला घालता घालता म्हणाले, "सुटाची हौस आहेच रे मला. पण निम्मा सूट गेटसाठी असतो."

त्यांना रिक्षात बसवलं आणि तसाच तरातरा गेटवर गेलो, वॉचमनला चांगला झापायला. तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला, "जी सर?"

त्याने फक्त कामवाला म्हटलं होतं... मागच्या लिफ्टने पाठव, असं मी सांगितलं होतं.